थंडी काय बाईला वाजत नाही?

निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला की वर्तमानपत्रात हमखास फोटो येतो: शेकोटीभोवती बसलेली कानटोपीवाली पुरुषमंडळी! त्याच पहाटे नळावर पाणी भरणारी, गार पाण्यात धुणं बुडवणारी बाई त्या फोटोत नसते. असलीच, तर तिच्या अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर असतो. तपकिरी नाहीतर राखाडी, कोपरावर उसवलेला.

मैत्रिणींनो, दिवाळी झाली की आपल्याकडे तिबेटी स्वेटरवाले दुकानं लावतात. बराचसा माल लुधियानाचा. तिथे जरा उभं राहून बघा. आधी मुलांची मापं, मग ह्यांचं जॅकेट, मग सासूबाईंची शाल. स्वतःची पाळी आली की, "मला कुठं बाहेर जायचंय?" आणि घेतलाच, तर "मळखाऊ रंग दाखवा हो." हा 'मळखाऊ' शब्द मला मुळीच आवडत नाही. चाळिशी उलटली म्हणजे काय आपण पायपुसणं झालो? संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा नेसतो, काळा रंग ऊन शोषतो म्हणून कौतुकानं सांगतो. मग बाकीच्या थंडीत एखादा राणी रंग, एखादा मोरपिशी का नको?

साडीवर समोरून बटणं असलेला स्वेटर सोयीचा, पदर सहज सावरता येतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे जास्त ऊब देतात, कारण मधे हवा अडकून राहते. गोधडीचं गुपित तेच! म्हणून जुन्या इरकलीचं, मधे मऊ धोतर घालून, धावदोऱ्याचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून बघा. खर्च जवळजवळ नाही आणि रंग असा, की गल्लीत विचारतील. अस्सल लोकर ऊबदार, पण काहींना टोचते. अॅक्रिलिक टोचत नाही, घरी धुता येतं, स्वस्तही पडतं. मात्र आगीजवळ ते वितळून कातडीला चिकटतं. तेव्हा चुलीपुढे, गॅसपुढे असला स्वेटर किंवा लोंबती शाल नको. तिथे हे सुती जाकीटच बरं.

आणि जिचा नवरा गेला, तिचं काय? तिला थंडीही फिकट रंगातच काढायची? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं नको, असं गावानं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला तरी बायकांच्या जिभा बदलायला वेळ लागतो, हे काम करताना रोज दिसतं. "ह्या वयात लाल?" असं विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. पण लाल स्वेटर घालायला कुठल्या ठरावाची गरज?

यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी अंगठा वेगळा असलेले लोकरीचे मोजे लुटा. चपलेत बसतात, भेगाळलेल्या टाचांना बरे. बोलावताना शेजारच्या एकट्या काकूंना वगळू नका. स्वेटरवाले जायच्या आत त्यांना सोबत घेऊन जा, आणि रंग त्यांचा त्यांना निवडू द्या.