आधी काय, नंतर काय

स्वमग्न मुलाला चित्रं लावून, ठरलेल्या क्रमाने शिकवायचं म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. चित्रांची सवय लागली तर पोरगं बोलणारच नाही, हा पहिला. सगळं त्याच्या क्रमाने केलं तर ते आणखी हट्टी होईल, हा दुसरा. दोन्ही काळजीपोटी येतात आणि दोन्ही चूक आहेत.

मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली विकासात्मक अक्षमता असलेल्यांवरचे अभ्यास तपासले. खुणा, चित्रं वापरल्यावर बोलणं घटतं का, हाच प्रश्न होता. भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही घटलं नाही. बहुतेकांचं वाढलं, थोडंथोडं का होईना. आणि चित्रंच का, तर बोललेला शब्द ऐकेपर्यंत निघून जातो. ‘हात धू, ताट घे, रांगेत बस’ असं एका दमात सांगितलं, तर स्वमग्न मुलाच्या हाती पुष्कळदा त्यातलं एखादंच लागतं. चित्र मात्र थांबून राहतं, पुन्हा पाहता येतं. किनवट-माहूरच्या तांड्यावरून आलेल्या, घरी गोरमाटी ऐकणाऱ्या मुलाला तर शाळेची मराठीच नवी असते. खिचडीच्या ताटाचं चित्र त्यालाही कळतं. तेही कळत नसेल, तर खरं ताट हातात द्यावं.

दुसरा आक्षेप निदान लातूरने तरी घेऊ नये. तासातासाचं नियोजन आणि सरावावर सराव यांवरच परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला. हुशार मुलाचं वेळापत्रक ती शिस्त आणि स्वमग्न मुलाचं वेळापत्रक ते लाड, हा अन्याय आहे. अमेरिकेत एरिक शॉप्लर यांची ‘टीच’ पद्धत १९७२ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यभर राबवली गेली. काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार आणि पुढे काय, हे मुलाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, हा तिचा गाभा. शेवट कुठे आहे हे दिसलं की भीती उतरते. हट्ट म्हणून आपण ज्याला रागावतो, ती पुष्कळदा ही भीतीच असते.

बदलही असाच शिकवता येतो. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नेहमीचे तास नसतात, झेंडावंदन असतं. आदल्या दिवशीच ‘उद्या वेगळं’ हे कार्ड मुलाच्या वेळापत्रकाच्या पाटीवर लावावं, त्याखाली झेंड्याचं चित्र.

वर्ग भरलेला असताना शिक्षकाने हे कधी करायचं, हा तिसरा प्रश्न मात्र खरा आहे. कार्डांचा पुठ्ठा स्वस्त असतो, शिक्षकाचा वेळ नसतो. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे आणि गरजेप्रमाणे सोयी देणं ही मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी आहे. म्हणून मागणी शासनाकडे करावी: विशेष शिक्षक वाढवा. मुलाचं वेळापत्रक कापून ती अडचण सोडवू नये.

आणि भिंतीवर नुसती चिकटवलेली चित्रं मी यात धरत नाही. कार्ड मुलाने स्वतः काढायचं, काम झालं की ‘झालं’च्या डब्यात टाकायचं, घरीही तीच कार्डं वापरायची. त्यांत ‘नको’, ‘दुखतंय’ आणि ‘थांबा’ ही कार्डं पहिल्या दिवसापासून हवीत, आणि मुलाने ‘थांबा’ दाखवलं तर मोठ्यांनी थांबायला हवं.