ऑपरेशनआधी स्नायूही तपासा

१९३६ साली क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली या सर्जनने पेप्टिक अल्सरसाठी ऑपरेशन केलेल्या आपल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ऑपरेशनपूर्वी ज्यांचे वजन वीस टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी एक तृतीयांश दगावले. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ३.५ टक्के होते. त्यानंतर अँटिबायोटिक्स आली, भूल सुरक्षित झाली, स्टेपलर आणि लॅपरोस्कोप आले. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण मात्र आजही बहुधा खंगलेल्या अवस्थेतच टेबलावर येतो. त्याचे हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, ईसीजी आपण न चुकता पाहतो. त्याच्या मांडीत आणि मुठीत किती बळ उरले आहे, याची नोंद केसपेपरवर क्वचितच सापडते.

या आजारात स्नायू एकाच कारणाने झडत नाहीत. पोट दुखेल या भीतीने रुग्ण कमी खातो. खाल्लेले अंगी लागत नाही. व्रण पडलेल्या आतड्यातून प्रथिने झिरपत राहतात. ज्या टीएनएफला आवर घालण्यासाठी आपण इन्फ्लिक्सिमॅब देतो, तोच टीएनएफ स्नायूंतील प्रथिने मोडणारी यंत्रणा चालू ठेवतो. भरीला स्टेरॉइड. त्याने जुलाब थांबतात, भूक लागते, चेहरा भरतो आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. आत मात्र कंबर आणि मांडीचे स्नायू पातळ होत असतात. त्यात ‘आराम कर’ हा सल्ला सगळ्यांकडून मिळतो. निरोगी वृद्धांवर झालेल्या एका प्रयोगात दहा दिवसांच्या अंथरुणानेच पायांचे सुमारे एक किलो स्नायू गेले होते. महिनोन् महिने दाह सोसणाऱ्या रुग्णाचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

ऑपरेशननंतर या तोट्याची किंमत मोजावी लागते. जखम भरायला आणि संसर्गाशी लढायला लागणारी अमिनो आम्ले शरीर स्नायूंतूनच काढते. श्वासाचे स्नायू दुबळे असतील तर खोकून कफ निघत नाही. पाय दुबळे असतील तर रुग्ण खाटेवरून उठत नाही. स्नायू कमी असलेल्या रुग्णांत संसर्ग आणि इतर गुंतागुंती अधिक, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हे अभ्यास बहुतांशी जुन्या नोंदींवर बेतलेले आहेत आणि प्रत्येकाची व्याख्या वेगळी आहे, हेही मान्य करायला हवे. पण धोका नेमका किती पट, यावर वाद असला तरी धोका ओळखण्यात हयगय करण्याचे कारण नाही.

वजनकाट्यावर विसंबता येत नाही, हे तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार पूर्वी दाखवले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. मुळातच कमी स्नायू आणि अधिक चरबी असलेल्या आपल्या रुग्णात स्टेरॉइडने सूज आणि मेद वाढला की बीएमआय ‘नॉर्मल’ दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. अल्ब्युमिनचाही तसाच घोटाळा. ते ३ ग्रॅमच्या खाली असणे हा ऑपरेशनसाठी धोक्याचा इशारा खराच, पण ते मुख्यतः दाहामुळे घसरते. त्यावरून स्नायूंचा अंदाज बांधता येत नाही.

मग मोजायचे काय? मुठीची ताकद डायनॅमोमीटरने एका मिनिटात कळते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुचवलेली सीमा पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो आहे. उपकरण नसेल तर खुर्ची आणि घड्याळ पुरे: हात छातीशी बांधून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पाय दुबळे समजावेत. मात्र हे आकडे ज्येष्ठांसाठी आहेत आणि आपले रुग्ण बरेचदा विशी-तिशीतले असतात. तीस वर्षांच्या पुरुषाची पकड ३० किलो भरली, तर ती सीमेच्या वर आहे म्हणून समाधान मानू नये. त्या वयाला ती कमीच आहे. म्हणून एका आकड्यापेक्षा त्याच रुग्णाचा चढउतार अधिक बोलका. भारतीय पद्धतीच्या शौचालयातून हात न टेकता उठता येते का, हा प्रश्नही विचारावा. त्याला प्रमाणित चाचणीचा दर्जा नाही, पण स्टेरॉइडने दुबळ्या झालेल्या मांड्या तो लगेच उघड करतो. क्रोन्सच्या बहुतेक रुग्णांचा सीटी झालेलाच असतो. तिसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवरील स्नायूंचे क्षेत्रफळ त्याच चित्रावरून काढता येते, त्यासाठी वेगळे रेडिएशन लागत नाही. रेडिओलॉजिस्टना ते मागण्याची सवय लावावी. पाश्चात्त्य सीमारेषा मात्र जशाच्या तशा लावू नयेत.

मोजून थांबायचे नाही. आधी दाह आटोक्यात आणावा. आग धुमसत असताना नुसत्या प्रथिनांनी स्नायू बांधले जात नाहीत. गळू असेल तर सुईने निचरा करून, अँटिबायोटिक्स देऊन वेळ मिळवावा. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा अधिक सहा आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर संसर्गाची भीती वाढते. शक्य तेथे ते ऑपरेशनपूर्वी उतरवावे. तीव्र कुपोषणात नियोजित ऑपरेशन ७ ते १४ दिवस पुढे ढकलून पोषण द्यावे, अशी युरोपीय पोषणसंस्थेची शिफारस आहे. क्रोन्समध्ये काही आठवडे केवळ द्रवरूप पूर्ण आहार दिल्यावर गुंतागुंती घटल्याचे आढळले आहे. काहींना तर ऑपरेशनची गरजच उरली नाही. फार दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला मात्र एकदम भरपूर देऊ नये. थायमिन देऊन, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमवर नजर ठेवून हळूहळू वाढवावे.

सक्रिय आजारात दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. ५० किलोच्या रुग्णाला ६० ते ७५ ग्रॅम. आपल्या घरांत पोट बिघडले की पेज, मऊ भात आणि ताक सुरू होते. दूध बंद, डाळ बंद, अंडे ‘उष्ण’ म्हणून बंद. या पथ्यावर वीस ग्रॅमही गाठणे कठीण. अंडे सहा ग्रॅम देते, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. दूध सोसत नसेल त्यांना दही अनेकदा सोसते. आतडे अरुंद झालेल्या रुग्णाला चोथा वर्ज्य असतो, पण घोटलेले मुगाचे वरण चालू शकते. ‘हलके खा’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवणे म्हणजे त्याचे स्नायू कमी करण्याची चिठ्ठी लिहून देणे होय.

आहाराबरोबर व्यायाम हवाच: रोजचे चालणे, खुर्चीवरून उठबस, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, श्वासाचे व्यायाम. अशा पूर्वतयारीचे बहुतेक पुरावे आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवरील आहेत, दाहविकारातील अजून थोडे आहेत. तरीही हा उपाय स्वस्त आहे आणि योग्य देखरेखीत त्याचा धोका नगण्य आहे. आदल्या रात्रीपासूनची निर्जळीही आता सोडावी. अडथळा नसेल तर घन अन्न सहा तास आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. ऑपरेशननंतर ‘टाके तुटतील’ या भीतीने झोपवून ठेवणेही तितकेच घातक.

याचा अर्थ प्रत्येक ऑपरेशन लांबवावे, असा मुळीच नाही. आतडे फुटले, मोठे आतडे विषारी होऊन फुगले किंवा रक्तस्राव थांबेना, तर स्नायूंचा विचार नंतर. तीव्र कोलायटिसमध्ये औषधे हरली असताना ‘आधी तब्येत सुधारू’ म्हणून दिवस घालवणे जिवावर बेतते. हे संपादकीय आहे ते ज्या रुग्णांच्या हाती आठवडे असतात आणि ते वाया जातात, त्यांच्यासाठी.

आपल्याकडे असे वाया जाणारे आठवडे विशेष आहेत. आतड्याचा क्षय की क्रोन्स, हे ठरेना म्हणून क्षयाची औषधे सुरू होतात आणि प्रतिसाद पाहण्यात दोन-तीन महिने जातात. या काळात रुग्ण सर्जनकडे नसतो, तो फॅमिली डॉक्टरकडे असतो. त्यामुळे हे काम तेथेच सुरू व्हायला हवे.

आमची विनंती सोपी आहे. या आजाराच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तीन ओळी लिहा: सहा महिन्यांत वजनात पडलेला फरक, मुठीची ताकद आणि पाच उठबशांना लागलेले सेकंद. दर महिन्याला त्या पुन्हा लिहा आणि घसरण दिसताच आहारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांना बोलवा. सर्जननी या तीन ओळी नसतील तर नियोजित ऑपरेशनची तारीख देऊ नये.