साठ वर्षांपूर्वीच्या तबकड्या आता सगळ्यांच्या. तरी आपल्या फोनमध्ये का नाहीत?

जाफराबाद तालुक्यातलं आमचं टेंभुर्णी. (सोलापूर रस्त्यावरचं टेंभुर्णी वेगळं.) अशा गावातल्या एखाद्या मुलीनं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेचा फॉर्म भरला, तर तिच्याकडे काय असतं? वहीत उतरवलेले आरोह-अवरोह, सरांची पेटी आणि रोजचा दीड जीबी डेटा. भूप, दुर्गा हे राग तिला वहीतून पाठ होतात. मोठ्या गवयानं गायलेला राग मात्र ती ऐकते यूट्यूबवर, मध्ये जाहिरात लागते तिथे थांबून, आणि रेंज असेल तेव्हाच.

खरं तर शंभर वर्षांपासूनच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा आज फुकट आणि कायदेशीरपणे उतरवून घेता येतो. तो आपण फक्त 'ऐकतो', ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच की, तो फाइल म्हणून, नावानिशी आपल्या फोनमध्ये ठेवायला हवा. शिवाय लोकांच्या पैशातून झालेली ध्वनिमुद्रणं सरकारनंही तशीच खुली करायला हवीत.

कायदा काय सांगतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६५ साली बाजारात आलेल्या तबकडीचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. १ जानेवारी २०२६ पासून ती सगळ्यांची झाली. दर नव्या वर्षाला आणखी एका वर्षाच्या तबकड्या यात येतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

- शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो. तो कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. परंपरेनं आलेल्या बंदिशींना हा प्रश्न नाही. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. त्यांच्या नाटकांतल्या पदांच्या शब्दांचा हक्क संपला आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे.
- नेटवर आहे म्हणजे मोकळं आहे, असं नाही. खासगी मैफलींच्या टेप अनेकांनी चढवल्या आहेत. तिथे कलाकाराचा स्वतःचा हक्क ५० वर्षं असतो. किशोरी आमोणकर यांची भूप रागाची गाजलेली एलपी १९७०च्या दशकातली आहे. ती कुठे फुकट दिसली तरी तिची ६० वर्षं अजून भरलेली नाहीत.

मग मोकळं काय आहे?

भारतात ग्रामोफोन कंपनीनं व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू केलं १९०२ साली, कलकत्त्यात. गौहर जान त्या पहिल्या कलाकारांपैकी. त्यानंतरची सहा दशकं ७८ गतीच्या तबकड्यांची. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, बालगंधर्व या सगळ्यांच्या त्या काळातल्या तबकड्या यात येतात. त्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं वाजतात. एरवी पाऊण तास चालणारा ख्याल गवयानं तेवढ्यात बसवलेला असतो. मुखडा, विस्तार, तान सगळं थोडक्यात, म्हणून शिकणाऱ्याला एका बैठकीत दहा वेळा ऐकता येतं.

हे दूरच्या शहरातल्या लोकांचं संगीत आहे, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे सप्ताहात काकड्याला भूपाळी असते, भजनात मालकंस येतो, शेवटाला भैरवी होते. कान तयार आहे, फक्त त्याला नाव आणि नमुना मिळत नाही.

एका तबकडीनं काय होतं?

भीमसेन जोशी लहान असताना गदगमध्ये एका दुकानात अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी वाजत होती. ती ऐकून त्या मुलाला तसंच गायचं होतं. वयाच्या अकराव्या वर्षी त्यानं गुरूच्या शोधात घर सोडलं आणि पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे तो शिकला. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य.

उलट उदाहरण भास्करबुवा बखले यांचं. मास्टर कृष्णराव, बालगंधर्व असे शिष्य घडवणारा हा गवई १९२२ साली गेला, आणि त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. जे गेलं ते गेलं. जे उरलं आहे, ते तरी निष्काळजीपणानं जाऊ नये.

ऑनलाइन आहेच, मग उतरवायचं कशाला?

कारण ऑनलाइन असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात असते. जुन्या तबकड्यांचा मोठा साठा ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेवर २०२३ साली रेकॉर्ड कंपन्यांनी ७८ गतीच्या तबकड्यांवरूनच दावा लावला. अमेरिकेत जुन्या ध्वनिमुद्रणांची मुदत आपल्यापेक्षा मोठी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि साइट काही दिवस बंद राहिली. यूट्यूबवरचं चॅनल तर चालवणाऱ्यानं बंद केलं की संपलं. अ‍ॅपमधलं 'ऑफलाइन' म्हणजेही खरी फाइल नव्हे. ते ठरावीक मुदतीत पुन्हा नेटला जोडावं लागतं आणि त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाही.

जागा किती लागते?

गणित सोपं आहे. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये एका सेकंदाला १६ केबी लागतात. २०० सेकंदांची बाजू म्हणजे ३.२ एमबी. म्हणजे १ जीबीमध्ये जवळपास ३०० बाजू बसतात. दिवसाच्या पॅकमध्येच एका घराण्याची ओळख होण्याइतकं गाणं येतं, आणि नंतर ते ऐकायला ना रेंज लागते, ना रिचार्ज.

उतरवायचं कसं?

- ब्राउझरमध्ये आर्काइव्ह डॉट ऑर्ग उघडा. कलाकाराचं नाव रोमन लिपीत टाका. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे बदलून पाहा.
- वर्ष आणि तबकडीचा क्रमांक दिलाय का ते बघा. साल नसेल तर क्रमांकावरून जाणकार ते काढू शकतात.
- डाउनलोडच्या यादीत 'व्हीबीआर एमपी३' घ्या. 'फ्लॅक' फाइल कितीतरी मोठी असते. संग्रहासाठी ती चांगली, रोजच्या ऐकण्याला एमपी३ पुरे.
- वाजवायला व्हीएलसी हे फुकट अ‍ॅप पुरेसं आहे. दोन्ही प्रकार त्यात चालतात.
- 'फ्री एमपी३' म्हणून एपीके उतरवायला सांगणाऱ्या साइटवरून लगेच बाहेर पडा.
- फाइलला नाव द्या: कलाकार, राग, साल. मग मेमरी कार्डवर एक प्रत ठेवा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. १९०२ साली गौहर जान गाणं संपताना आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगत असत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून. आपण मात्र आज तीच गाणी व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलतो, आणि पलीकडे पोचते 'एयूडी' आणि आकडे एवढंच नाव असलेली फाइल. दोन वर्षांनी ती कुणाची, कुठला राग, काही सांगता येत नाही. नाव नसलेली फाइल फोन भरला की पहिली डिलीट होते.

शिकणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सुरुवातीच्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ ला मुद्रित झालेली तबकडी ७८ ला वाजवली, तर सूर जवळपास अर्ध्या स्वरानं चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं आणि लयही वाढते. म्हणून पट्टी ठरवताना केवळ फाइलवर विसंबू नका, सरांना विचारा. तबकडी गुरूची जागा घेत नाही. पण चांगला गवई कसा गातो हे कानावर असलं, की गुरूचं सांगणं लवकर कळतं.

सरकारनं काय करावं?

आकाशवाणीनं २६ जानेवारी २०१६ ला 'रागम्' ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. ती चांगली आहे. पण वाहिनीवर जे लागेल ते ऐकावं लागतं. परीक्षेला दुर्गा हवा म्हणून दुर्गा मिळत नाही. आकाशवाणीचा संग्रह श्रोत्यांच्या पैशातून उभा राहिला आहे. त्यातलं मुदत संपलेलं सगळं राग, कलाकार आणि सालानुसार शोधता आणि उतरवता आलं पाहिजे. कलाकारांच्या वारसांच्या हक्काचं काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात मुदत संपलेल्यापासून करावी. उरलेल्यासाठी वारसांची संमती घ्यावी आणि त्यांना मानधन द्यावं.

तोवर गावात एक काम करता येईल. सार्वजनिक ग्रंथालय, शाळा किंवा भजनी मंडळानं एका मेमरी कार्डवर ३०० बाजू नीट नावं देऊन भराव्यात, आणि ज्याला हव्या त्याला ब्लूटूथनं द्याव्यात. गावातल्या जुन्या कीर्तन-भजनाच्या कॅसेट बुरशी लागायच्या आत त्याच कार्डवर घ्याव्यात, गाणाऱ्याच्या किंवा घरच्यांच्या परवानगीनं. खर्च एका मेमरी कार्डाचा आणि चार-पाच संध्याकाळींचा. प्रवेशिकेचा फॉर्म भरलेल्या मुलीला परीक्षेआधी तेवढं तरी मिळायला हवं.