दुर्मीळ तेच नजरेतून सुटते

आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की पेडणे आणि पुढे मोपा. जानेवारी २०२३ मध्ये तिथला विमानतळ सुरू झाला आणि आरोंदेकरांना विमान जवळचे झाले. मुंबई-दिल्लीच्या लेकरांसाठी बॅगेत कोकमे, फणसाची साठे, खाजे. त्यातच चार्जर आणि वायरींचा गुंता. क्ष-किरण यंत्रातून ही बॅग सरकते तेव्हा पडद्यासमोरच्या कर्मचाऱ्याला निर्णयासाठी जेमतेम काही सेकंद मिळतात.

यंत्र पदार्थांचा प्रकार रंगाने दाखवते: सेंद्रिय ते नारिंगी, धातू निळा. खाऊ नारिंगी, कपडे नारिंगी आणि बहुतेक स्फोटकेही नारिंगीच. फरक शेवटी माणसाच्या डोळ्यालाच करायचा असतो. आणि डोळ्याची एक खोड आहे: जे क्वचित भेटते, ते तो शोधणे लवकर सोडतो.

२००५ मध्ये अमेरिकेतील जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये हे दाखवून दिले. गर्दीच्या चित्रांत ठरावीक वस्तू शोधायची होती. निम्म्या चित्रांत ती असताना ७ टक्के वेळा सुटली. शंभरात एकदाच असताना तब्बल ३० टक्के वेळा. विमानतळावर तर खरा धोका हजारो बॅगांतही सापडत नाही. म्हणजे चूक नेहमी हलगर्जीपणाची नसते. म्हणूनच नुसत्या निलंबनाने ती सुधारणार नाही.

वैद्यकशास्त्राला हा अनुभव जुना आहे. क्षयरोग कार्यक्रमात थुंकीच्या काही काचपट्ट्या दुसरा तंत्रज्ञ पहिला निकाल न पाहता पुन्हा तपासतो. उद्देश शिक्षेचा नाही, चूक वेळीच कळण्याचा.

सामान तपासणीतही तेच हवे. खऱ्या बॅगांच्या चित्रांत मधूनमधून धोक्याच्या वस्तूचे खोटे चित्र मिसळायचे आणि सापडले की सुटले, ते तिथल्या तिथे सांगायचे, हे तंत्र जगभर वापरात आहे. त्याचे गुण प्रशिक्षणासाठी वापरावेत, धाक दाखवण्यासाठी नव्हे. पडद्यासमोरची पाळी छोटी असावी, मध्ये डोळ्यांना विश्रांती मिळावी. रांग लांबली तर काउंटर वाढवावेत. कर्मचाऱ्याला घाई करायला लावू नये.

प्रवाशाच्या हातातही थोडे आहे. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळी ठेवावीत, खाऊ एकावर एक कोंबू नये. बॅग उघडायला सांगितली तर रागावू नये. तिथे कोणीतरी दुसऱ्यांदा नीट पाहत असतो.