रेशमाची मलमपट्टी

पाडव्याला ज्यांच्या घरी रेशमी साडी आली, त्या यजमानांचे सांत्वन आम्ही काय करणार? बिल चुकते झालेले असते आणि साडी कपाटात गेलेली असते. पण त्याच रेशमाने माणसाची फाटलेली कातडी भरून काढण्याच्या खटपटीला शास्त्रज्ञ लागले आहेत, ही हकीकत मात्र वाचक भगिनींच्या कानावर घातलीच पाहिजे.

रेशीम आणि जखम यांचे नाते तसे जुने. सुश्रुतसंहितेत जखम बांधण्याच्या वस्त्रांची यादी आहे, तीत कापसाबरोबर कौशेयही आहे. शस्त्रवैद्य रेशमाच्या दोऱ्याने टाके घालीत आले, अजूनही घालतात. नवे आहे ते रेशीम विरघळवून त्याचे पुन्हा सूत काढणे!

रेशमाच्या तंतूत दोन प्रथिने असतात. आत फायब्रॉइनचा बळकट धागा आणि त्यावर सेरिसिन नावाचा डिंक. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कोष उकळले की डिंक सुटतो. उरलेला पांढरा पुंजका लिथियम ब्रोमाइडच्या दाट, गरम द्रावणात काही तासांत विरघळतो. मग क्षार काढून टाकला की हाती येते ते रेशमाचे पाणी. किड्याने शेकडो मीटर अखंड धागा काढला, ते सारे कष्ट असे पाण्यात जातात. पण लांब धागा नकोच असल्यामुळे, पतंग बाहेर पडून फुटलेले कोषही या कामी चालतात. रेशमासाठी किडे उकळतात म्हणून ज्यांचा जीव कळवळतो (आणि तरी सोवळ्याला रेशीमच लागते), त्यांनी याची नोंद घ्यावी.

पुढचे काम विजेचे. सुईच्या टोकाशी द्रावणाचा थेंब, समोर धातूचा पत्रा आणि दोहोंत दहा-वीस हजार व्होल्टचा दाब. थेंब टोकदार होतो, त्यातून बारीक धार सुटते, वळवळत जाते, पाणी वाटेतच उडते आणि पत्र्यावर तंतूंचे जाळे साचते. अशा विजेच्या सूतकताईचे पेटंट अँटोन फॉर्महाल्स याने अमेरिकेत १९३४ सालीच घेतले होते. टफ्ट्स विद्यापीठाचे डेव्हिड कॅपलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली रेशमाच्या पाण्यात दुसरे एक बहुवारिक मिसळून असे तंतू काढले. जाडी काहीशे नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो!

इतके बारीक कशासाठी? कातडीतले कोलॅजनचे तंतू साधारण याच मापाचे असतात. मांडवावर दोडक्याचा वेल चढावा तशा नव्या पेशी या जाळ्यावर चढतात. शिवाय जाळ्यातून वाफ जाते, पण ओल टिकते. जखम उघडी ठेवा, खपली धरू द्या, असे घरोघरी सांगतात. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवर प्रयोग करून दाखवले, की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने येते.

याची खरी निकड मधुमेह्यांना आहे. पायाला चप्पल चावते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कधी बोट, कधी पाऊलच गमवावे लागते. गुवाहाटीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी रेशीममिश्रित जाळ्यांवर वाढीला चालना देणारी द्रव्ये बसवून मधुमेही सशांच्या जखमा लवकर भरून आणल्या. २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. टसर, मुगा अशा रानरेशमांत तर पेशींना पकड देणारी अमिनो आम्लांची खास साखळी असते, जी तुतीच्या रेशमात नाही. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवर होणारा कोसा तो हाच टसर. साडीच्या दुकानात तुतीच्या रेशमापुढे तो बिचारा मागे पडतो!

मात्र ससे म्हणजे आजोबा नव्हेत. पट्टी कितीही गुणी असली तरी रक्तातली साखर आटोक्यात हवी, पायात रक्त नीट खेळते हवे आणि जखमेवर भार पडता कामा नये. 'नॅनो' हा शब्द छापलेली महागडी पट्टी कोणी पुढे केली, तर ती माणसांवर तपासली आहे काय, किती जणांवर, असे खुशाल विचारावे.

आणि घरची रेशमी चिंधी किंवा तिची राख जखमेवर लावू नये. प्रयोगशाळेतले रेशीम निराळे. फुलबाजीने बोट भाजले, तर ते आधी २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे, आणि फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे जावे.