शिकवणारी शेजारीच राहते



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. तालुक्याच्या गावी राहतात, वय अडतीस. मुले मोठी झाली, दुपारी घर रिकामे असते. त्या लिहितात, "मला काहीतरी शिकायचे आहे. शिवण म्हणा, विणकाम म्हणा, कॉम्प्युटर म्हणा. पण आमच्या गावात धड क्लास नाही आणि रोज शहरात जायला घरून परवानगी मिळत नाही. शिवाय या वयात वही-पेन घेऊन बसले तर लोक हसतील. काय करू?"

शेवटची शंका आधी घेते, कारण बहुतेक वेळा खरी अडचण तीच असते. बाकीच्या अडचणी आपण तिच्या पुढे आडोशाला उभ्या करतो.

मदीनेतल्या स्त्रियांची हकीकत सहीह बुखारीत आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याभोवती सदैव पुरुषांची गर्दी, स्त्रियांना विचारायला जागा मिळेना. त्या गप्प बसल्या नाहीत. आमच्यासाठी वेगळा दिवस ठरवून द्या, असे त्यांनी सरळ सांगितले, आणि त्यांना तो दिवस मिळाला. त्या काय सगळ्या कोवळ्या मुली नव्हत्या. लेकुरवाळ्या होत्या, वयस्कर होत्या. म्हणजे बायकांची वेगळी बॅच मागण्यात नवे काही नाही, मागणी चौदाशे वर्षांची आहे. आणि हजरत हफ्सा (रजि.) लिहायला शिकल्या त्या कोणाकडून? शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून. ना इमारत, ना फी, ना सर्टिफिकेट. एका जाणत्या बाईने दुसरीला शिकवले.

बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे सुटकेचे पैसे नव्हते पण लिहिता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, असे ठरले. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभा असलेला माणूस उस्ताद झाला. आपल्याला मात्र समोरच्या घरातल्या जाऊबाईकडून काही शिकायला कमीपणा वाटतो!

आता "क्लास नाही" याबद्दल. या भगिनींना मी कळवले की आठवडाभर फक्त एक काम करा. आपल्या गल्लीत कोणाला काय येते ते वहीत लिहा. पाटी लावलेल्यांचे नाही, नुसते येते त्यांचे. कोणाच्या हातची कैरी वर्षभर टिकते, कोणाला रफू असे जमते की फाटलेली जागा सापडत नाही, कोणाची मुलगी दुकानाचे हिशेब कॉम्प्युटरवर ठेवते, कोण स्कूटर चालवते, कोणाची तज्वीद चांगली आहे. त्यांची यादी परवा आली. एकोणीस नावे! क्लास नसलेल्या गावात.

आमच्या मिरजेचेच बघा ना. इथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हे करणाऱ्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस गेले तेव्हा बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता ते नवा हुन्नर शिकले. पुढे बापाशेजारी मुलगा, चुलत्याशेजारी पुतण्या बसून शिकत गेला. वाद्यांबद्दल घरोघरी मते वेगळी असतील, मी सांगते आहे ते शेजारी बसण्याबद्दल.

शेजारी बसणे ही युक्तीच आहे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांना "मला शिकवा" म्हटले की त्या संकोचतात. "अगं, मला कुठे काय येतं?" म्हणतात. त्याऐवजी "खाला, पुढच्या वेळी कराल तेव्हा मला बोलवा, मी शेजारी बसेन" असे म्हणावे. मी क्रोशाची नमाजी टोपी अशीच शिकले. आमच्या गल्लीतल्या एक आपा त्या विणतात. साखळीचे छोटे कडे करून सुरुवात, मग प्रत्येक फेरीला टाके वाढवत सपाट चकती. डोक्याच्या माथ्याएवढी चकती झाली की वाढवणे थांबवायचे, म्हणजे कड आपोआप खाली वळते आणि भिंत उभी राहते. ऐकायला सोपे आहे. माझी पहिली टोपी वाटी झाली, कारण टाके कमी वाढवले. दुसरी थाळी झाली, कारण थांबलेच नाही. "कधी थांबायचं?" विचारले तर आपा म्हणाल्या, "अंदाजानं." हा अंदाज कुठल्याच पुस्तकात नसतो. शेवटी मी त्यांची तयार टोपी घेऊन फेऱ्या मोजल्या आणि वहीत लिहून ठेवल्या. आता ती वही त्यांची नातही वापरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. या आपा टोप्या विकून घर चालवतात. त्यांच्याकडून "शेजारधर्म" म्हणून फुकट शिकणे मला पटत नाही. हुन्नर ही तिची कमाई आहे. ती नको म्हणाली तरी तिच्या हातात काही ठेवावे. पैसे घेत नसेल तर दोऱ्याची गुंडी न्यावी, तिच्या नातीचा अभ्यास घ्यावा. श्रीमंताघरच्या बायका विधवेकडून कला शिकून घेतात आणि मग तिच्याहून स्वस्त विकतात, हेही मी पाहिले आहे.

आणि देण्यासारखे आपल्याकडे काय आहे, असे वाटत असेल तर माझी मोठी उस्तादीण कोण, ते सांगते.

शेजारच्या घरात पाच वर्षांपूर्वी मालेगावची सून आली. उर्दू माध्यमातून बारावी झालेली, हुशार मुलगी. शाळेत मराठी विषय होता, पण पास होण्यापुरता. इथे तिचा मुलगा मराठी शाळेत घातला. शाळेचे सगळे निरोप मोबाइलवर मराठीत येतात. ती ते रात्री नवऱ्याला दाखवायची, आणि नवरा ट्रकवर असला की निरोप तसाच राहायचा. एकदा सहलीचे पैसे भरायची तारीख अशीच निघून गेली. सगळी मुले बसमध्ये बसली आणि हा डबा घेऊन फाटकाजवळून परत आला. त्या दुपारी ती माझ्याकडे येऊन रडली. "खाला, बारावी पास हूं, और बच्चे की चिठ्ठी नहीं पढ सकती."

मी तिला म्हटले, बेटी, माझीही एक चिठ्ठी अडली आहे. आमच्या मरहूम अम्मीची एक वही अकरा वर्षे ट्रंकेत होती. अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. आम्ही पाचही भावंडे मराठी शाळेत. अम्मीचे अक्षर घरात एकालाही वाचता येत नाही. त्यात दुआ असतील म्हणून आम्ही ती वही रुमालात गुंडाळून ठेवली होती.

मग ठरले. जोहर आणि असरच्या मधला एक तास, आठवड्यातून चार दिवस. अर्धा तास ती विद्यार्थिनी, अर्धा तास मी.

मला वाटले होते उर्दू म्हणजे डोंगर. पण कुरआन वाचता येणाऱ्या बाईची निम्मी चढण आधीच झालेली असते. अरबीची सगळी अक्षरे उर्दूत आहेतच. वर पे, टे, चे, डाल, गाफ अशी मोजकी अक्षरे शिकायची आणि ख, घ, भ यांसाठी दोन डोळ्यांचा 'हे' जोडायचा. त्रास वेगळाच आहे. कुरआन शरीफमध्ये जेर-जबर लावलेले असतात, उर्दूत बहुधा लिहीत नाहीत. 'इस' आणि 'उस' एकसारखेच दिसतात, वाक्यावरून ओळखायचे. आणि 'ज़' तर चार-चार: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय. कुठला कुठे, याला पाठांतराशिवाय इलाज नाही. साठाव्या वर्षी मला शुद्धलेखनासाठी डोळे वटारून घ्यावे लागले, तेही पंचविशीतल्या मुलीकडून.

तिची गंमत वेगळी. 'ळ' तिच्या तोंडून निघेना. 'शाळा'ची 'शाला', 'वेळ'ची 'वेल'. "पालकांनी दिलेली वेळ पाळावी" हे तिने "दिलेली वेल पालावी" असे वाचले आणि विचारले, "खाला, शाळेत वेलीला पाला आणायचा का?" आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची सासू बघायला आली. दुसरी अडचण 'ते'ची. उर्दूत गोष्ट एकतर तो असते नाहीतर ती. तो कागद, ती वही इथवर ठीक, पण पुस्तक 'ते' का? मी चाळीस वर्षे मराठी वाचते, मला सांगता आले नाही. शिकवायला बसले तेव्हा कळले की आपलीच भाषा आपण न पाहता चालवत होतो.

चौथ्या महिन्यात तिने शाळेचा निरोप स्वतः वाचला आणि पालक सभेला एकटी जाऊन आली. हजेरीच्या वहीत मराठीत सही केली. येताना मला फोटो काढून आणला.

आता त्यांच्यासाठी, ज्यांना रीतसर क्लासच हवा आहे. मीही एकदा तीन महिन्यांची फी एकदम भरून शिवणाच्या क्लासला गेले होते. बायका सोळा, मशीन दोन, त्यातले एक बंद. दीड महिन्यात क्लासला कुलूप लागले. आम्ही उशीच्या अभ्र्यापर्यंत पोहोचलो, ब्लाउज काही आला नाही. पैसेही आले नाहीत. तेव्हा भरण्याआधी एक दिवस जाऊन बसा. एका मशीनमागे किती जणी, कापड-दोरा फीत धरला आहे का, नमाजला दहा मिनिटे जागा मिळेल का, परतीची बस कितीची, हे विचारा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गेल्या बॅचच्या दोघींना गाठा. फी महिन्यामहिन्याने भरा.

खासगी क्लासच्या आधी दोन सरकारी दारे ठोठावावीत, जी आपल्या घरांत फारशी माहीत नसतात. एक जन शिक्षण संस्थान. १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून याची सुरुवात झाली, आज अनेक जिल्ह्यांत ही केंद्रे आहेत. शाळा सुटलेल्या किंवा अगदी न शिकलेल्या १५ ते ४५ वयाच्या लोकांसाठीच ती आहेत, त्यामुळे "दाखला नाही" म्हणून मागे फिरू नका. शिवण, ब्युटी पार्लर, खाद्यपदार्थ असे कोर्स असतात, आणि बायका पुरेशा जमल्या तर वस्तीतच वर्ग भरवण्याबद्दल विचारता येते. ज्यांना घरून शहरात जायची परवानगी नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसरे दार ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचे, लोक आरसेटी म्हणतात. ही बँका चालवतात आणि खेड्यातल्या अठरा वर्षांवरच्या मुला-मुलींना फुकट शिकवतात, जेवणासकट. कोर्स आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंतचे. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत पत्ता मिळतो. उर्दूच शिकायची असेल तर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, तो उर्दू न येणाऱ्यांसाठीच आहे.

घरच्यांच्या परवानगीचे काय? हजरत उमर (रजि.) आणि त्यांचे अन्सारी शेजारी प्रेषितांकडे (स.) आळीपाळीने जात. एकजण एक दिवस ऐकून येई आणि संध्याकाळी दुसऱ्याला सांगे. घरातून दोघी रोज निघू शकत नसतील तर एक नणंद सोमवारी, एक भावजय मंगळवारी, आणि रात्री एकमेकींना दाखवायचे. मुलांना सांभाळणारीही घरात राहते. दोघी शिकतात म्हटल्यावर सासूबाईंचा विरोधही अर्धा होतो, असा माझा अनुभव आहे.

अम्मीच्या वहीचे सांगायचे राहिले. पहिली आठ पाने आम्ही इतकी वर्षे दुआ समजून जपली, तो धोब्याचा हिशेब निघाला. चादरी चार, सलवार तीन. नववे पान गुलगुल्यांचे आहे. गव्हाचे पीठ, गूळ, बडीशेप, इथपर्यंत मी एकटीने वाचले. पुढे एका शब्दावर अडले. उर्दूत 'सौदा' आणि 'सोडा' यांत फक्त दालवरच्या एका छोट्या खुणेचा फरक असतो, आणि अम्मींनी घाईत ती खूण दिलेलीच नाही. मी वाचले, "चिमूटभर सौदा". मालेगावची उस्तादीण पोट धरून हसली. त्याच्या पुढचा शब्द मात्र तिलाही लागत नाही. दही असावे असे ती म्हणते, मला दूध वाटते. या जुमेराला दोन्ही घालून दोन वेगळे घाणे तळणार आहोत. पाचही भावंडांना बोलावले आहे. अम्मीच्या हातची चव त्यांतल्या थोरल्या भावाला सगळ्यात जास्त आठवते, निर्णय तोच देईल.