पिंजऱ्यातील सोबत आणि तिची पथ्ये



मुले पुण्या-मुंबईला, नातवंडे त्याहूनही दूर, आणि वाड्यात उरलेली दोनच वृद्ध माणसे. धाराशिव जिल्ह्यातील गावोगावी आज असे चित्र दिसते. अशा घरात सकाळी हाक मारणारा, आपल्या पावलांची चाहूल ओळखणारा एखादा पक्षी असला, तर त्याची सोबत औषधाइतकीच मोलाची वाटते. त्याला दाणापाणी करायचे म्हणून वेळेवर उठणे होते, चार पावले चालणे होते, दोन शब्द बोलणे होते. एकाकी मनाला याचा आधार मिळतो, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ही सोबत पक्ष्याच्या आणि आपल्याही प्रकृतीला मानवावी, यासाठी नुसती माया पुरेशी पडत नाही. आजारी माणसाच्या शुश्रूषेला जशी पथ्ये असतात, तशीच पक्ष्याच्या संगोपनालाही असतात. या लेखात त्यांचाच विचार करू.

पहिला प्रश्न : पक्षी कोणता?

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिरवा राघू येतो. लाल चोच, लांब शेपटी आणि नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी. येडशीच्या रामलिंग घाटापासून शेतशिवारातील वड-पिंपळापर्यंत सर्वत्र दिसणारा हा पक्षी. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या कणसांवर त्याचे थवे उतरतात आणि शेतकरी गोफण घेऊन त्यांना हाकलतो. मात्र त्याच राघूला पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील पोपटांना संरक्षण दिले आहे. मग तो साधा राघू असो, मोठा पहाडी पोपट असो की जांभळट-लाल डोक्याचा लहान पोपट असो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. ‘घरचेच पिल्लू आहे’, ‘जत्रेत विकत घेतले’, ‘वडिलांच्या वेळेपासून आहे’ या सबबी कायद्यापुढे टिकत नाहीत.

असा राघू आपल्या घरी आधीपासून असेल, तर घाबरून पिंजऱ्याचे दार उघडू नका. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते. अन्न शोधणे, शिक्राऱ्यापासून आणि मांजरापासून जीव वाचवणे त्याला येत नाही. सोडल्यावर तो बहुधा फार दिवस जगत नाही. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ सेवेचा १९२६ हा क्रमांक आहे. तेथे किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आपणहून कळवावे. पुढील निर्णय त्या अधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो. तोवर पक्ष्याची खाण्यापिण्याची आबाळ होऊ देऊ नये.

सोबतीसाठी पक्षी हवाच असेल, तर मूळचे ऑस्ट्रेलियातील, पण आता पिढ्यान्‌पिढ्या पाळीव अवस्थेत वाढलेले बजरीगर आणि कॉकटील हे दोन पक्षी ज्येष्ठांना सोयीचे आहेत. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे पक्षी बहुधा बजरीगरच असतात. मकाव, काकाकुवा, आफ्रिकी करडा पोपट असे मोठे परदेशी पक्षी दीर्घायुषी, गोंगाट करणारे आणि खर्चिक असतात. शिवाय २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते.

दाणे किती, भाजी किती?

आपल्याकडे पोपटाच्या आहाराची कल्पना ठरलेली आहे : भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मिरची, पेरू आणि वाटीभर सूर्यफुलाच्या बिया. यातील मिरचीविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. मिरचीतील तिखटपणा जाणवण्यासाठी सस्तन प्राण्यांच्या शरीरात जी संवेदना असते, ती पक्ष्यांमध्ये जवळजवळ नसते. म्हणून आपल्या डोळ्यांत पाणी आणणारी मिरची पोपट शांतपणे खातो, आणि त्यातून त्याला ‘अ’ जीवनसत्त्वही मिळते. ती देण्यास हरकत नाही.

खरी अडचण बियांची आहे. सूर्यफूल, करडई, शेंगदाणे ही आपल्या भागातील पिके. घरात ती असतातच आणि पक्षीही ती आवडीने खातो. परंतु या बियांमध्ये तेल फार आणि ‘अ’ जीवनसत्त्व व कॅल्शियम अगदी कमी असते. केवळ बियांवर वाढलेला पक्षी लठ्ठ होतो, त्याच्या यकृतात चरबी साठते, तोंडातील व श्वासमार्गातील आवरणे दुबळी होतात आणि साध्या संसर्गानेही तो दगावतो. आपल्याला मधुमेह असताना पेढा जसा मोजून खावा लागतो, तशाच या बिया : दिवसाला दोन-चार, त्याही हातावर बक्षीस म्हणून.

रोजच्या धान्यासाठी राळे, बाजरी आणि वरई यांचे मिश्रण चांगले. बजरीगरला दिवसाला चहाचे दीड ते दोन चमचे धान्य पुरते. पक्ष्यांसाठी तयार मिळणारे गोळीखाद्य उपलब्ध असेल, तर ते धान्यापेक्षा अधिक संतुलित असते. पण ते एकदम सुरू न करता काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे. नवे अन्न न ओळखल्यामुळे पक्षी उपाशी राहू शकतो.

धान्याच्या जोडीला रोज ताजी भाजी हवी. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर, लाल भोपळा आणि कोवळे मक्याचे कणीस यांपैकी एक-दोन पुरेत. फळांत पपई, पेरू, डाळिंब थोडेसे द्यावे. सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्यात. बालाघाटच्या डोंगररांगांत पिकणारे सीताफळ द्यायचे असेल, तर त्याच्या बियाही आठवणीने काढाव्यात, कारण त्या विषारी असतात. मोड आलेले मूग-मटकी उत्तम, मात्र उन्हाळ्यात दोन तासांनंतर उरलेले उचलावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला अडकवून ठेवावा.

काय देऊ नये, ही यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावी अशी आहे : चहा, कॉफी, चॉकलेट, मद्य, ॲव्होकॅडो, कांदा-लसूण, मीठ घातलेले फरसाण, तळलेले पदार्थ. चहात बुडवलेले बिस्किट अनेक घरांत प्रेमाने दिले जाते; ते बंद करावे. दूध आणि खवाही नको, कारण दुधातील साखर पक्ष्यांना पचत नाही. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर बुरशी धरते आणि तिचे विष यकृत निकामी करते. ज्या दाण्याला कुबट वास येतो, तो माणसानेही खाऊ नये आणि पक्ष्यालाही देऊ नये.

ऊन, धूर आणि झोप

पिंजरा एवढा रुंद असावा, की पक्ष्याला दोन्ही पंख पसरून एका दांडीवरून दुसरीवर झेपावता येईल. दांड्या गुळगुळीत प्लास्टिकच्या नकोत; कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या घातल्या की पायांना व्रण पडत नाहीत. जस्ताचा मुलामा उडालेली जाळी आणि जुन्या रंगाचे पोपडे चोचीने कुरतडले गेल्यास विषबाधा होते, म्हणून तेही पाहावे.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत टांगलेला पिंजरा तेव्हा भट्टी होतो. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची खूण आहे. पक्षी ताबडतोब सावलीत आणावा, अंगावर साध्या पाण्याचा हलका फवारा द्यावा. बर्फाचे पाणी नको.

धुराबाबत पक्षी आपल्यापेक्षा फार नाजूक असतो. नॉनस्टिक तवा रिकामाच फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, पण त्याने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि कीटकनाशकाची फवारणी यांपासूनही तो दूर असावा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता त्याला आवश्यक असते. दूरदर्शनसमोर मध्यरात्रीपर्यंत जागणारा पक्षी चिडचिडा होतो आणि स्वतःचीच पिसे उपटू लागतो.

पक्षी आजार लपवतो

रानात दुबळा दिसणारा पक्षी प्रथम शिकार होतो, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचे सोंग करतो. पिसे फुगवून दिवसा झोपणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, विष्ठेचा रंग वा प्रमाण बदलणे, बोलणे थांबणे यांपैकी काहीही दिसले, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील छोट्या वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहावे. तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगरचे तीन-चार ग्रॅमने घटलेले वजन डोळ्यांना दिसत नाही, पण ते गंभीर असते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रथम दाखवावे. गरज पडल्यास उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

आपल्या फुफ्फुसांची काळजी

आता माणसाकडे वळू. पक्ष्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ हवेत उडते. तिच्यातून पोपटवर्गीय पक्ष्यांपासून होणारा सिटॅकोसिस हा संसर्ग माणसाला होऊ शकतो. संपर्कानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. तो साध्या फ्लूसारखा वाटतो, आणि वेळेवर ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर ‘घरात पक्षी आहे’ हे वाक्य न विचारताही सांगावे. दुसरा त्रास ॲलर्जीचा : महिनोन्‌महिने धूळ श्वासात गेल्याने दीर्घकाळ खोकला, दम लागणे, वजन घटणे असे होऊ शकते, आणि दुर्लक्ष केल्यास फुफ्फुसांना कायमची इजा होते.

दमा, सीओपीडी, कर्करोगावरील उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांनी पक्षी आणण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांनी हे नियम पाळावेत : पिंजऱ्याच्या तळाचा कागद रोज बदलावा, आधी त्यावर पाणी शिंपडावे, मग उचलावा, कोरडे झाडू नये, मुखपट्टी लावावी, नंतर साबणाने हात धुवावेत. पक्ष्याला ओठांतून दाणा भरवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चोचीच्या चाव्याबाबतही सावध असावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठांना विस्मरणाचा त्रास असेल, तर पक्ष्याला कधी तीनदा दाणे पडतात, तर कधी दिवसभर पाणीही नसते. यावर सोपा उपाय आहे. गोळ्यांच्या डबीप्रमाणे पक्ष्याचेही दिवसाचे धान्य सकाळी एका छोट्या डबीत मोजून ठेवावे. आजोबांनी त्यातूनच हवे तेव्हा भरवावे. डबी रिकामी झाली की दिवसाचे झाले. त्यांचा आनंद आणि पक्ष्याचे पोट, दोन्ही सांभाळले जातात. पाण्याची वाटी मात्र रोज दुसऱ्या कोणी तरी धुवावी. पिंजरा उंच टांगू नये. स्टुलावर चढून दाणे घालताना होणारे अस्थिभंग टाळण्यासाठी तो कंबरेच्या उंचीच्या भक्कम टेबलावर असावा.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड वाटते. बजरीगर पाच ते दहा वर्षे, तर कॉकटील पंधरा-वीस वर्षे जगतो. पंचाहत्तरीत घरी आणलेले कॉकटीलचे पिल्लू कदाचित आपल्यानंतरही असेल. आपण रुग्णालयात दाखल झालो, तर त्याला कोण पाहील? आपल्यानंतर कोणाकडे जाईल? पक्षी घरी आणण्यापूर्वीच एका व्यक्तीशी हे बोलून ठेवावे आणि त्याच्या आहाराची वही तिला दाखवावी. असे कोणी नसेल, तर पक्षी न आणण्याचा निर्णयही मायेचाच मानावा.

तेव्हाही सोबत संपत नाही. अंगणात मातीच्या परातीत रोज स्वच्छ पाणी ठेवा, जुने ढोलीचे झाड तोडू देऊ नका, पेरूची वरच्या फांदीवरील चार फळे झाडावरच राहू द्या. सायंकाळी थव्याने येणारे राघू आपल्या नावाने हाक मारणार नाहीत. पण ओसरीवर खुर्ची टाकून त्यांची वाट पाहण्यात दिवसाची एक चांगली घटका निश्चित जाईल.